कॉकटेल पक्ष्याचं पिल्लू घरी आणलं, त्या अडीच महिन्यांच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीची सुट्टी संपता संपता मुलाची मागणी पक्की झाली. पोपट हवा, तोही हिरवाच. सासूबाईंचा त्याला पूर्ण पाठिंबा. गडहिंग्लजला त्यांच्या माहेरी मिठू होता. गोल पिंजऱ्यात राहून, भिजवलेली डाळ आणि मिरची खाऊन तो अकरा वर्षं जगला, असं त्या सांगतात.

ह्यांनी ऑफिसातून कुणाचा तरी नंबर आणला. मी फोन केला. पलीकडचा म्हणाला, "ताई, पिल्लू मिळेल. पण खोक्यातून न्यायचं, आणि फोटो कुठे टाकायचा नाही." खटकलं ते तिथेच. संध्याकाळी शोधत बसले तेव्हा कळलं की आपला हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून तो अनुसूची दोनमध्ये आहे. करण पोपटही संरक्षितच. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळंच बेकायदा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकायला येतात ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात.

सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या वेळी सगळा गाव तुरुंगात जायला हवा होता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिरवा पोपट रद्द झाला, एवढंच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर घरात यावरच खल. पिंजऱ्यात पैदास होणारे परदेशी पक्षी पाळता येतात, पण त्यातही फरक आहे. कॉन्युअर हा छोटा, रंगीत पोपट आम्हाला फार आवडला होता. तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या यादीत येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे घरी आणल्यापासून तीस दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदार यातलं अवाक्षर बोलत नाहीत. शिवाय कॉन्युअरचा आवाज एकदा समोरासमोर ऐकला. आमच्या इमारतीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. नको.

शेवटी कॉकटेल ठरला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुव्याच्या कुळातला, डोक्यावर तुरा, वजन ऐंशी-शंभर ग्रॅम. सायटीसच्या यादीत नाही. नाव ऐकून सासूबाईंनी विचारलं, "ते प्यायचं असतं ना?"

नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगा आज बारा वर्षांचा आहे. पिंजरा कोण घासणार हे मला स्वच्छ दिसत होतं, तरी हो म्हटलं. आता तक्रारीला जागा नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिली चूक, ₹६५० ची. बाजारातून गोल पिंजरा आणला. वर कडी, खाली पत्र्याची ताटली, दिसायला झकास. घरी आणून ओल्या फडक्याने पुसला तर फडक्याला पांढरट भुकटी लागली. तार गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वर जस्ताचा मुलामा. हे पक्षी दिवसभर चोचीने तार चावत वर चढतात, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. दुसरं म्हणजे गोल पिंजऱ्यात पक्ष्याला कोपरा मिळत नाही, आडवं उडताही येत नाही. दुकानदार परत घेईना.

मग चौकोनी घेतला. २४ इंच लांब, १८ रुंद, २४ उंच, पावडर कोटिंगचा, ₹३,२००. तारांमधलं अंतर पट्टीने मोजून घेतलं, १४ मिलिमीटर. बारा ते सोळाच्या दरम्यान हवं. जास्त असलं तर पिल्लू त्यातून डोकं घालतं आणि अडकतं.

सोबत आलेल्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकल्या. सगळ्या एकाच जाडीच्या, त्यावर सतत बसून तळवे दुखावतात. माहेरच्या परसातल्या पेरूच्या फांद्या आणल्या, घासून धुतल्या, चार दिवस गच्चीत वाळवल्या. जाड-बारीक, वाकड्यातिकड्या. फुकट.

३० नोव्हेंबर, शनिवार

पिंजरा झाला, आता घर.

आधी स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा गॅसवर कोरडा तापत राहिला की त्याचा थर धूर सोडतो. आपल्याला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. आमचं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात दार नाही, नुसती कमान आहे. दोन्ही नॉनस्टिक भांडी बहिणीला दिली, बिडाचा तवा आणला, ₹७५०. पहिल्या दिवशीचं घावन तव्याला असं चिकटलं की ह्यांनी पक्ष्याच्या नावाने बोटं मोडली.

मग खिडक्या. हॉलच्या दोन्ही खिडक्यांना जाळी, ₹१,४५०.

सगळ्यात नाजूक विषय देवघराचा. उदबत्ती, धूप, शनिवारी कापूर. पिंजऱ्यासाठी मी जी जागा धरली होती, ती देवघरापासून चार फुटांवर. धूर पक्ष्यांच्या छातीला अजिबात झेपत नाही. "धूप बंद करा" असं सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून पिंजराच मुलाच्या खोलीत हलवला आणि पूजेच्या वेळी ते दार लावायचं ठरलं. डासांची कॉइल मात्र पूर्ण बंद. त्याच्या बदल्यात मच्छरदाणी. सासूबाईंना हा सौदा पटला, कारण कॉइलने त्यांनाही खोकला यायचा.

एक गोष्ट आज करायला हवी होती ती केली नाही. पक्ष्यांचा डॉक्टर शोधला नाही. पुढे वाचा.

८ डिसेंबर, रविवार

पिल्लू आलं. राखाडी, गाल केशरी, तुरा अजून आखूड. घरीच पैदास करणाऱ्या एका माणसाकडून, ₹२,५००. तो म्हणाला, "अडीच महिन्यांचं आहे, स्वतःचं स्वतः खातं." पिल्लाने आमच्यासमोर वाटीत चोचही मारून दाखवली. आम्ही खूश.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. हा काटा (एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ₹३८०) घेतला नसता तर पुढचं सगळं फार उशिरा कळलं असतं. वजन ८२ ग्रॅम. सासूबाईंनी नाव ठेवलं राघू. मुलाला नाव जुनाट वाटलं, पण त्याला दुसरं सुचलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी ७६. सहा ग्रॅम कुठे गेले? काल विकणाऱ्याने निघण्याआधी भरवलं असणार. गळ्याखालची पिशवी भरलेली होती, ती रात्रीत रिकामी झाली. म्हणजे ८२ हे खरं वजन नव्हतंच. वजन रोज सकाळी, काही खायच्या आधी, एकाच वेळी घ्यायचं. संध्याकाळचा आकडा फसवतो.

दिवसभर पिल्लू घसा खरवडल्यासारखं ओरडत होतं. आम्हाला वाटलं, नव्या घराला बिचकलंय.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी ७३. वाटीत मात्र दाणे कमी झालेले. मुलगा म्हणाला, खातंय की. मीही मान डोलावली आणि कामाला गेले.

संध्याकाळी पाहते तर सासूबाई त्याला दुधात कुस्करलेली पोळी भरवत होत्या. मिठूला द्यायच्या तशी. पक्ष्यांना दूध पचत नाही. मी जरा तोडून बोलले, त्या रुसल्या. पण त्या म्हणाल्या ते वाक्य डोक्यात राहिलं. "अगं, हे भुकेलंय. चोच उघडून माझ्या बोटाला ढुशा देतंय. खाणारं पाखरू असं करतं का?"

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी ७०.

पिंजऱ्याचा ट्रे काढून कागदावर उपडा केला आणि एकेक दाणा बघितला. राळा, बाजरी, करडई. सगळे अख्खे. एकही फोलपट नाही. पक्षी दाणा खातो तेव्हा सोलून खातो, म्हणजे खाली फोलपटं पडायलाच हवीत. आमच्या पिल्लाला दाणा सोलता येतच नव्हता. चोचीत धरायचं आणि टाकून द्यायचं. विकणाऱ्याने दाखवली तीही हीच गंमत. वाटीत चोच मारणं म्हणजे खाणं नव्हे. पिल्लू बघायला जाल तेव्हा वाटीकडे बघू नका, खाली पडलेली फोलपटं बघा. विकणाऱ्याने भरवायच्या आधी पिल्लाला दाणा सोलून गिळताना स्वतः पाहा. तो "आत्ताच खाल्लंय" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आता डॉक्टर. जवळच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं बघतात, पक्षी नाही. दुसऱ्या ठिकाणीही नाही. चौथ्या फोनवर बारा किलोमीटरवरचे एक डॉक्टर मिळाले, त्यांची वेळ संध्याकाळी सहाची. अर्धी रजा. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत फडकं, बाजूला कोमट पाण्याची बाटली पायमोज्यात घालून. हे खोकं मांडीवर धरून रिक्षाने गेले.

डॉक्टरांनी छातीवरून बोट फिरवलं. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं. पंखांकडे बघून म्हणाले, "अडीच महिने? जेमतेम सहा आठवडे. याला अजून भरवायला हवं." कॉकटेलची पिल्लं आठ ते दहा आठवड्यांची होईपर्यंत पूर्णपणे स्वतः खायला लागत नाहीत. फी ₹४००, विष्ठेची तपासणी ₹२५०. जंतबिंत काही निघालं नाही. पोरगं फक्त उपाशी होतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

भरवायचं डॉक्टरांनी करून दाखवलं, ते लिहून ठेवते. पण व्हिडिओ बघून किंवा हे वाचून कुणी सुरू करू नका, एकदा कुणाकडून तरी समोर शिकून घ्या. घास श्वासनलिकेत गेला तर खेळ खलास.

फॉर्म्युला पावडर (पिल्लांना भरवायचं तयार पीठ) कोमट पाण्यात, पातळ पिठल्याइतकी. तापमान ३९ ते ४० अंश, थर्मामीटरनेच बघायचं. बोटाला कोमट लागतं हा अंदाज चालत नाही. जास्त गरम असेल तर पिशवी आतून भाजते, थंड असेल तर अन्न तिथेच साचतं. सुई काढलेली सिरिंज चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून घालायची आणि टोक उजवीकडे, कारण अन्ननलिका पक्ष्याच्या उजव्या अंगाला असते. पिल्लू मान वरखाली हलवत स्वतः ओढून घेतं. ते थांबलं की आपणही थांबायचं. एका वेळी सात-आठ मिली, दिवसातून तीनदा.

आज पहिल्यांदा निम्मं माझ्या कुर्त्यावर, निम्मं त्याच्या मानेवर. पिसांवर वाळलं की ते सिमेंटसारखं घट्ट बसतं, लगेच ओल्या कापसाने पुसावं लागतं. पण तिसऱ्या वेळी त्याने सिरिंजचं टोक चोचीत धरलं, डोळे अर्धे मिटले आणि सगळं अंग पंपासारखं हलायला लागलं. तुरा सपाट, शेपटी थरथरतेय. गळ्याखाली पिशवी भरत गेली तसं ती त्वचेतून दिसत होती, राजगिऱ्याच्या लाडवाएवढी. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ." एवढंच.

१५ डिसेंबर, रविवार

७५. दर खेपेला भरवणं आणि सिरिंज उकळणं धरून पाऊण तास. सकाळचं मी, दुपारचं सासूबाई, रात्रीचं हे. ज्या घरी दिवसा कुणी नसतं त्यांनी अशा पिल्लाच्या वाटेला जाऊच नये. "हाताने वाढवलेलं पिल्लू जास्त माणसाळतं" असं सांगून भरवायचं पिल्लू गळ्यात मारतात. भरवणं पैदास करणाऱ्याने संपवावं आणि मग विकावं.

कोल्हापुरात थंडीही चांगली पडलीय. रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जुनं सुती पातळ घालतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पिशवी रिकामी नव्हती. रात्रीचं अन्न तिथेच, हाताला पिठाच्या गोळ्यासारखं. घाबरून पुन्हा डॉक्टर. कारण साधं निघालं. फॉर्म्युला सुरुवातीला ४० अंश असायचा, पण भरवता भरवता ह्यांच्या हातातल्या वाटीत तो थंड होत जायचा आणि शेवटचे घास पार गार. डॉक्टरांनी एक वेळ भरवणं थांबवलं, नुसतं कोमट पाणी थोडं दिलं, दुपारपर्यंत पिशवी उतरली. आता फॉर्म्युलाची वाटी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून भरवतो. पुन्हा ₹४००.

१ जानेवारी २०२५, बुधवार

रात्री बारा वाजता समोरच्या गच्चीवर फटाके. राघू अंधारात फडफडला, तारांवर आपटला. दिवा लावला तर फांदीवर रक्त. पंखाचं नवं फुटत असलेलं पीस मोडलं होतं. या कोवळ्या पिसांत रक्त असतं. कॉर्नफ्लॉर चिमटीने दाबून धरलं, पाच मिनिटांनी थांबलं. सकाळी डॉक्टरांना फोटो पाठवला, पीस आपोआप गळेल म्हणाले.

कॉकटेल रात्री असे दचकतात, हे नंतर कळलं. आता खोलीत झिरोचा दिवा चालू असतो आणि पातळ पुढच्या बाजूने उघडं ठेवतो.

६ जानेवारी, सोमवार

८४. चार दिवस सिरिंज तोंडात घेत नव्हता, आजपासून भरवणं बंद. ट्रेमध्ये फोलपटं! मुलाने मूठभर उचलून आजीला दाखवली.

मग लगेच उलटी चूक. दुपारी वाटी भरलेली दिसली म्हणून मुलाने नवे दाणे घातले नाहीत. संध्याकाळी फुंकर मारली तर वरचा सगळा थर फोलपटांचा, खाली दाणा नाही. रोज फुंकर मारून बघायचं.

नुसत्या दाण्यांवर ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दाण्यांत चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. म्हणून सकाळी आधी ओलं खाणं: मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कोवळं कणीस. पहिले तीन दिवस त्याने शेवग्याला हातही, म्हणजे पायही, लावला नाही. चौथ्या दिवशी पाल्याची जुडी पिंजऱ्याच्या छताला उलटी टांगली आणि ती त्याने ओरबाडून काढली. कॅल्शियमसाठी दुकानात जे पांढरं हाड पाकिटात मिळतं ते म्हणजे समुद्रफेणच. काष्ठौषधींच्या दुकानात ₹४० ला तळहाताएवढं मिळालं. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारं काही द्यायचं नाही. सासूबाईंना फक्त चहाचं वाईट वाटलं. मिठू बशीतला चहा प्यायचा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सासूबाईंनी राघूला काळं कापड दाखवलं आणि तीळ दिले. पाच-सहा दाणे, चालतात.

दुपारी मात्र काळजाचा ठोका चुकला. मुलाने त्याला खोलीत मोकळं सोडलं होतं. हळदीकुंकवाची गर्दी, कुणीतरी उकडतंय म्हणून भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा अजून हळू होता, राघू पात्याच्या वरून गेला आणि कपाटावर बसला. एक क्षण इकडेतिकडे असता तर. बटणावर आता चिकटपट्टी आहे. पंख छाटायचे का, यावर रात्री बोलणं झालं. मुलगा नाही म्हणाला आणि मलाही पटलं. उडायला शिकायच्या वयात पंख कापले तर तो पडून छाती फोडून घेतो. चूक पंखांची नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

८८ ग्रॅम. बोटावर येतो, राळ्याचं कणीस दाखवलं तर खांद्यापर्यंत. खांद्यावर बसला की पांढरी भुकटी सांडते. ही जात अशीच, घरात दम्याचा माणूस असेल तर आधी विचार करा.

आतापर्यंतचा हिशेब: पिल्लू २,५००, चौकोनी पिंजरा ३,२००, वाया गेलेला गोल पिंजरा ६५०, काटा ३८०, जाळी १,४५०, तवा ७५०, डॉक्टर तीन वेळा १,२००, तपासणी २५०, फॉर्म्युला ५२०, सिरिंज-थर्मामीटर ३१०, दाणे ६००, समुद्रफेण ४०. एकूण ₹११,८५०. वर माझ्या पाच अर्ध्या रजा.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी शेपटीची पिसं खालून दाखवली, पिवळे आडवे पट्टे. लहानपणी नर-मादी दोघांनाही असतात. सहा महिन्यांच्या आसपास पहिली पिसं गळली की नराचे पट्टे जातात आणि तोंड पिवळं होतं, मादीचे राहतात. म्हणजे हा राघू आहे की मैना ते एप्रिल-मेशिवाय कळणार नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पिंजऱ्याजवळ जाऊन त्याला सांगितलं, "काही असलास तरी नाव बदलायचं नाही."

मार्चच्या आत पंख्याचं बघायचंय. चिकटपट्टीवर उन्हाळा निघणार नाही. छताचा काढून जाळीचा भिंतीवरचा पंखा बसवायचा म्हटलं तर इलेक्ट्रिशियन ₹२,२०० सांगतोय. दुसऱ्याला विचारते.